फोटोखालचं नाव

चौदा जणांनी 'पक्का' लिहिलं होतं. चौदा! कुणी एकदा, कुणी तीनदा, कुणी तर पुढे हसरे चेहरेही लावले होते. आणि डिसेंबरातल्या त्या रविवारी सकाळी साडेसहाला जयपूरच्या जलमहालासमोर, तळ्याच्या कडेला, स्वप्ना एकटीच उभी होती. हातात यादी, गळ्यात पहिल्या पगारातून घेतलेला छोटा डिजिटल कॅमेरा, आणि समोर... समोर काहीच नाही. तळं नाही, महाल नाही, मागचा डोंगर नाही. नुसतं धुकं.

मोबाइल वाजला. बाबा.

"काय गं बाई, आले का तुझे फोटोवाले?"

"एकही नाही हो बाबा. मीच एक वेडी, अंधारात उठून बस पकडून आले..."

"एक आलाय ना," धुक्यातून कुणीतरी म्हणालं.

मराठीत!

स्वप्ना दचकली. आधी एक तांबडा मफलर दिसला, मग मफलरातला माणूस. पंचवीस-सव्वीसचा, उंच, नाकाचा शेंडा थंडीनं लाल झालेला. "सॉरी. तुमचं बोलणं ऐकलं. म्हटलं, मला पण मोजा."

तिने घाईघाईने फोन ठेवला. "तुम्ही मराठी?"

"घरात मराठी. बाहेर सगळी हिंदी. जन्म इथलाच, बनी पार्कचा. त्यामुळे माझी मराठी थोडी... मतलब, अटकते."

"अडकते."

"बघा. अटकली."

तिला हसू आलं. ते लपवायला तिने यादी डोळ्यांसमोर धरली. "यादीतलं नाव सांगा."

"धुंधला."

"वा! मग आज सगळं तुमचंच आहे की." तिने पसरलेल्या धुक्याकडे हात केला.

"आणि तुम्ही सिग्नल! मला वाटलं होतं, पन्नाशीचे कोणी कडक काका असतील. काय ती नोटीस... 'उशिरा येणाऱ्यांची वाट पाहिली जाणार नाही.'"

"पाहतेय ना तरी," ती म्हणाली. आणि बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाटलं, आपण हे जरा जास्तच हळू आवाजात बोललो...

त्या सकाळी दोघांनी मिळून एकही धड फोटो काढला नाही. चहा मात्र तीनदा झाला.

*

ऑर्कुटवरच्या त्या गटाचं नाव होतं 'इतवार साडे छह'. गट स्वप्नाने काढला होता. ती प्रतापनगरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, त्यामुळे इंटरनेट हाताशी. आधी दोघं-तिघं एकमेकांच्या फोटोंना नुसतं 'वाह वाह' म्हणायचे. मग तिने लिहिलं, घरी बसून वाह वाह काय करता, एकदा भेटूच. गुरुवारी नोटीस लागायची: कुठं भेटायचं, कोणती बस तिथं जाते, उजेड कुठल्या बाजूने येईल, जवळ चहा मिळेल की नाही. ज्यांचे फोटो काढायचे त्यांना आधी विचारायचं. परतताना डोकी मोजल्याशिवाय कुणी हलायचं नाही.

आणि एक नियम असा, ज्याची सगळ्यांना मोठी गंमत वाटायची. गटात खरी नावं नाहीत. आडनाव तर नाहीच नाही. प्रतापनगरला स्टेशनरीचं दुकान असलेला पवन इथं 'शटर' होता, आणि तो तिला भर बाजारात हाक मारायचा, "सिग्नलजी, लाल हो कि हरी?"

नियम कशासाठी, ते मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तिचे वडील शेषराव रेल्वेत सिग्नल दुरुस्तीच्या कामाला. नागपूरकडून बदली होऊन आले तेव्हा ती आठवीत होती. घर शोधताना प्रत्येक दारात एकच प्रश्न, 'पूरा नाम?' बाबा ताठ उभं राहून सांगायचे, 'शेषराव गजभिये.' समोरचा भुवया उंचावायचा, 'गजभिये... मतलब?' या मुलखात ते आडनाव कुणाला उलगडायचं नाही. बाबांनी 'महाराष्ट्र के हैं' एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ते पुढचंही सांगायचे. 'मतलब बौद्ध. बाबासाहेबवाले.' मग कुठे खोली नुकतीच दुसऱ्याला दिलेली असायची, कुठे मुलाचं लग्न ठरलेलं असायचं. अकराव्या दारात घर मिळालं, दुर्गापुरा स्टेशनच्या मागे.

तिथं मग वर्षं सुखानं गेली. जयपूरला तिचं आडनाव कळायचंच नाही. कळायचं ते फक्त मराठी माणसाला... आणि ऐकल्या ऐकल्या. कॉलेजात असताना ती एकदा मराठी मंडळींच्या गणपतीला गेली होती. एक काकू किती मायेनं बोलत होत्या! 'कुठली गं तू? नागपूरची? आडनाव काय?' तिने सांगितलं. 'हो का,' काकू म्हणाल्या. आवाज तसाच गोड. फक्त तिच्या खांद्यावरचा हात त्यांनी काढून घेतला. एवढंच. पण त्या जागी किती दिवस गार वाटत राहिलं होतं...

आणि आता सगळं शहर सोडून हा मफलरवाला निघाला तो नेमका मराठी.

*

तो दर रविवारी यायला लागला. खरं नाव त्यानं दुसऱ्याच भेटीत सांगून टाकलं, "अमेय. नियम मोडला. शिक्षा?"

"डोकी मोजा."

मग डोकी मोजण्याचं काम त्याच्याकडेच राहिलं. विमा कंपनीत तो दिवसभर मोडक्या गाड्यांचे फोटो काढायचा, ते म्हणे अगदी स्पष्ट यायचे. हौसेनं काढले की हलायचे. सांगानेरला कापडछपाईच्या कारखान्याबाहेर कापड वाळत घातलेलं असतं ना, लांबच लांब, ओल्या रंगाच्या वासाचं... तिथं त्या दोघांच्या मध्ये एक निळी चादर वाऱ्यानं फुगत होती. पलीकडून तो ओरडला, "परत हलला!"

"श्वास सोडा, आणि मग बटण दाबा."

चादर खाली आली. तो समोरच होता, दोन हातांवर. "तुम्ही समोर असल्यावर... श्वास सोडायचा कसा?"

"मग धरून ठेवा," ती म्हणाली, "आणि फोटो घालवा."

"चालेल."

ती वळली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. वळता वळता तिला दिसलं, चादरीमागे एक बाई उभी आहे. दिसताहेत ती फक्त निळ्या रंगानं माखलेली पावलं. तिने बाईंना विचारलं, बाई लाजून 'ले लो' म्हणाल्या, आणि तिने आपल्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो काढला. हात जराही हलला नाही. मन मात्र...

'तुम्ही'चं 'तू' संक्रांतीला झालं, पवनच्या गच्चीवर पतंगांचे फोटो काढताना. कुणी केलं, ते दोघांनाही आठवत नाही. तेव्हापासून तो तिच्यासाठी बसस्टॉपपर्यंत चालायचा. ती त्याच्या डब्यातला गोडाचा शिरा खायची आणि म्हणायची, "आईंना सांग, वेलची जास्त झाली." तो म्हणायचा, "तूच सांग की. कधी येतेस?" मग ती, बस आलेली नसली तरी बसच्या दिशेने बघत राहायची.

*

फेब्रुवारीत पवन बातमी घेऊन आला. बनी पार्कमधल्या एका संस्थेचा हॉल प्रदर्शनासाठी दोन दिवस मिळत होता. संस्थेची अट एकच: प्रत्येक फोटोखाली फोटोग्राफरचं पूर्ण नाव हवं. टोपणनावं चालणार नाहीत.

सगळ्यांनी हसत हसत नावं दिली. एकमेकांची आडनावं ऐकून कोण गलका! स्वप्नाने आपली ओळ कोरी ठेवली.

घरी तिने बाबांना विचारलं, "नुसतं स्वप्ना लिहिलं तर?"

शेषराव रेडिओचं झाकण उघडून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "फोटो तुझा हाय. नाव तुझं हाय. तुले वाटन तसं कर." थोडा वेळ पेचकस फिरत राहिला. "पण पूर्ण लिहिलं तं मधात माझं नाव येते. माझं नाव आजपावेतो फक्त ड्युटीच्या चार्टवर लागलं बाई. भिताडावर कधी लागलं नाही."

त्यानंतरच्या रविवारी आमेरजवळच्या पायऱ्यांच्या बावडीत गट पांगला होता. अमेय मांडीवर यादी घेऊन एका पायरीवर बसलेला. स्वप्ना त्याच्याहून दोन पायऱ्या वर.

"सगळ्यांची झाली," तो म्हणाला. "माझं आगाशे. आता तुझं. काय लपवतेस इतकं? काही फार विनोदी आडनाव आहे का?"

"लिही." तिने खालच्या हिरव्या पाण्याकडे पाहिलं. "स्वप्ना शेषराव गजभिये."

पेन थांबलं.

फार नाही... पारव्यांचा एक थवा या भिंतीवरून त्या भिंतीवर जाऊन बसेल, इतकाच वेळ. पण तिने तो मोजला. मग पेन चाललं. एकेक अक्षर नीट, शाळेतल्या मुलासारखं.

"काही बोलणार नाहीस?" तिने विचारलं.

तो वळून वर बघायला लागला. "मी आईचा विचार करत होतो. खोटं कशाला सांगू? एक क्षण तिचाच विचार आला. पण माझं म्हणशील तर स्वप्ना... मला त्या धुक्यात तू दिसायच्या आधी तुझा आवाज आवडला होता. तेव्हा तर नाव पण नव्हतं."

ती दोन पायऱ्या उतरली आणि त्याच्याशेजारी बसली. डोकी मोजायचीही राहून गेली त्या दिवशी.

*

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी प्रदर्शन होतं. नावांच्या चिठ्ठ्या छापून आणायचं काम अमेयकडे. स्वप्ना नऊ वाजता हॉलवर पोचली तेव्हा फोटो लागले होते. तिचा निळ्या पावलांचा फोटो दारासमोरच, सगळ्यांत मोठा. ती धावत जवळ गेली.

खाली छापलं होतं: स्वप्ना.

एवढंच.

तिने शेजारची चिठ्ठी वाचली. पवन सीताराम खंडेलवाल. तिच्या पलीकडची. अमेय नंदकिशोर आगाशे. पूर्ण. सगळी पूर्ण.

अमेय शिडीवरून उतरला. तिचा चेहरा पाहिला, आणि तिथेच थांबला.

"माझं नाव कुठंय अमेय?"

"ऐक ना..." त्याचा आवाज खाली गेला. "आज आई येणार आहे. मला वाटलं, तिनं आधी फोटो बघावा. मग तुला बघावं. तू तिला आवडशीलच. आणि मग हळूच..."

"मग हळूच सांगायचं? गुळात घालून औषध देतात, तसं?"

"तसं नाही, मतलब..."

"तसंच." ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "हा नावांचा नियम मी लपायला केला होता. कुणाला ठाऊक नव्हतं ते. मोठ्या हिमतीनं बाहेर आले, आणि ते तुझ्यासमोर आले. त्याच कागदावर तू परत मला लपवलंस. आणि माझ्यावरच्या मायेपोटी लपवलंस, हे आणखी वाईट. रागावताही येत नाही धड."

तिने पर्स उचलली. जाणारच होती ती. पण दारात शेषराव उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, सोबत तिची आई मीराबाई नव्या साडीत. मुलीला त्यांनी पाहिलंच नाही. खिशातून चष्मा काढला आणि ते पहिल्या फोटोपासून निघाले. फोटो थोडा वेळ बघायचे, मग वाकून खालच्या चिठ्ठीवर बोट ठेवायचे, ओठ हलवत वाचायचे, पुढे सरकायचे. ते नाव शोधत होते. आपलं नाव.

निळ्या पावलांपाशी ते आले. वाकले. बोट ठेवलं. वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं.

"छान आला वं फोटो," ते मीराबाईंना म्हणाले. एवढंच म्हणाले. मग चष्मा खिशात ठेवून दिला. पुढचे फोटो त्यांनी चष्म्याशिवायच पाहिले.

अमेय शिडीला धरून उभा होता. त्याने ते सगळं पाहिलं. तिने त्याला पाहताना पाहिलं.

तेवढ्यात मंदाकिनीबाई आल्या. अमेयची आई, बारीक काठांची सुती साडी, हातात घरच्या शेवंतीची पुडी. येताच त्या मोठ्या फोटोपुढे थबकल्या. "अगंबाई! नुसती पावलं, आणि बाई सगळी दिसते की रे! कुणाचा हा?"

अमेयने शर्टाच्या खिशातलं पेन काढलं. 'स्वप्ना'च्या पुढे, भिंतीवर हात टेकून, त्याने लिहायला घेतलं. 'शेषराव' वाकडं आलं, 'गजभिये' चिठ्ठीच्या कडेपर्यंत गेलं. मग तो वळला.

"स्वप्ना शेषराव गजभिये यांचा. आई, छापताना त्यांचं नाव मीच कापलं. तू वाचशील म्हणून." हॉलमध्ये दहा-बारा माणसं होती, पवनच्या हातातला चहा तसाच राहिला. "ते चुकीचं केलं मी. हे तिचे बाबा. काका, तुमचं नाव पण मीच कापलं. मला माफ करू नका लगेच. आणि आई... मला हिच्याशी लग्न करायचंय. तिनं हो म्हटलेलं नाही. आज सकाळनंतर म्हणेल, असं वाटतही नाही."

मंदाकिनीबाईंनी नाव वाचलं. त्यांना वाचताना सगळ्यांनी पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. "घरी बोलू," त्या म्हणाल्या.

"बाई," शेषराव शांतपणे म्हणाले, "आमालेही घरी बोलाच लागन."

*

पुढचे तीन रविवार अमेय आला. मागे उभा राहायचा, डोकी मोजायचा, 'सत्तावीस, पूरे' म्हणायचा आणि एकटाच निघून जायचा. बसस्टॉपपर्यंत आला नाही. फोन केला नाही. एकदा पवन न राहवून स्वप्नाला म्हणाला, "सिग्नलजी, बेचारा कब से लाल पर खड़ा है।" ती हसली नाही. पण त्या दिवशी बसमध्ये बसल्यावर तिने मागच्या काचेतून पाहिलं. तो अजून तिथंच होता, उन्हात, कपाळावर हात धरून तिच्या बसकडे बघत. आपल्याला याचा राग आलाय की याची आठवण येतेय, हे तिला त्या बसमध्ये कळेनासं झालं.

एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात, भर दुपारी, दुर्गापुऱ्याच्या घराची कडी वाजली. बाहेर लूचे गरम वारे सुटलेले. दारात मंदाकिनीबाई, पदर डोक्यावरून घेतलेला, चेहरा उन्हानं तापलेला. मागे अमेय, स्कूटरजवळ घुटमळत.

शेषरावांनी खुर्ची पुढे केली. बाबासाहेबांच्या तसबिरीखालची. मीराबाईंनी पितळी तांब्याभांडं आणलं. स्वप्ना स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. तिला दिसत होता फक्त तांब्या आणि बाईंचा हात.

हात पुढे आला. भांडं उचललं. एका दमात रिकामं झालं.

"आणखी थोडं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "फार तहान लागली होती."

तेही प्यायल्या. मग पदरानं ओठ टिपून म्हणाल्या, "शेषरावजी, मी काही गोड बोलायला आले नाही. माझ्या घरात हे कधी झालं नाही. पोरानं भर हॉलमध्ये सांगितलं, त्या रात्री मी जेवले नाही. नंतर रोज एकच दिसायचं... तुम्ही चष्मा खिशात ठेवलात, ते. मी तुमच्या मागेच, हॉलच्या दारात होते. मला वेळ लागेल. पण येत-जात राहीन म्हणते."

"वेळ लागला तं चालते, बाई," शेषराव म्हणाले. "खोटं नाही चालत. तुमी खोटं नाही बोलल्या."

स्वप्ना मागच्या दाराने बाहेर पडली. वळसा घालून पुढे आली. अमेय स्कूटरच्या तापलेल्या सीटवर हात ठेवून उभा होता, चटका बसत होता तरी.

"मी काही विचारणार नाहीये," तो घाईने म्हणाला. "आईला रस्ता माहीत नव्हता, म्हणून फक्त सोडायला..."

"विचार की."

"काय?"

"जे विचारायचं नाहीये, ते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. उन्हानं डोळे बारीक झालेले. तिने पहिल्यांदाच पाहिलं की त्याच्या पापण्या किती लांब आहेत. "स्वप्ना, तू माझ्याशी—"

आणि नेमकी तेव्हाच घरामागून मालगाडी निघाली. लांबलचक, कोळशाची, खिडक्यांची तावदानं थरथरवत. त्याचे ओठ हलले. तिचेही हलले. त्याने कानाला हात लावून मान हलवली, काही ऐकू येत नाही! ती परत बोलली. परत नाही. तिला हसू यायला लागलं, डोळ्यांत पाणीही. शेवटी तिने छाती भरून श्वास घेतला आणि सगळं बळ एकवटून ओरडली,

"हो म्हटलं! हो!"

गाडीचा शेवटचा डबा अर्ध्या क्षणापूर्वीच निघून गेला होता.

सगळी गल्ली शांत. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई हात थांबवून बघायला लागली. खिडकीत शेषराव, त्यांच्या खांद्यामागून मीराबाई, आणि दारात, रिकामं भांडं हातात घेऊन, मंदाकिनीबाई.

स्वप्नाचा चेहरा लालबुंद झाला. पण तिने मान खाली घातली नाही. अमेयने, सगळ्यांच्या देखत, अगदी सावकाश, तिचा हात हातात घेतला.